लाइनवर कुकरची शिट्टी

आमच्या ह्यांना एका खुर्चीत पंधरा मिनिटं बसवून दाखवणाऱ्याला मी पंचपक्वान्नांचं जेवायला घालीन, असं मी नातेवाइकांत जाहीर करून ठेवलं होतं. आजतागायत कोणी जेवायला आलेलं नाही. चहा ठेवला की हे उठणार. पेपर उघडला की हे उठणार. पाहुणे बसलेत, गप्पा रंगात आल्यात, आणि हे मधेच उठून गॅलरीतून खाली डोकावून येणार. "काय पाहिलंत?" विचारलं तर म्हणे, "काही नाही, सहज." आता सहज म्हणून माणसाने किती वेळा खाली डोकवावं? मान अवघडत नाही?

नाव दिगंबर, राहणार नवी पेठ, दुसरा मजला. बँकेत होते. बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली तेव्हा हे पन्नाशीचे, अर्ज करून मोकळे झाले. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. म्हणजे मी दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी यावं तर यांनी काहीतरी उघडून ठेवलेलं असायचं. मिक्सर, गीझर, भिंतीवरचं घड्याळ. वस्तू बिघडायची वाटसुद्धा बघायचे नाहीत. चांगली चालणारी इस्त्री उघडली, का तर आत धूळ बसली असेल. ती पुन्हा जुळली, पण एक स्क्रू उरला. "कंपनीवाले एखादा जास्तीचा देतात," म्हणाले. मी ती इस्त्री भंगारवाल्याला देऊन टाकली. जिवापेक्षा साडी महत्त्वाची नाही.

माणूस वाईट नाही हो. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटातल्या भाजीला नाव ठेवलं नाही. पण सतत काहीतरी टोचत असल्यासारखा. शेजारी असा माणूस येरझाऱ्या घालत असला की आपल्यालाही स्वस्थ बसवत नाही. माझं ब्लडप्रेशर यांच्या येरझाऱ्यांनीच वाढलंय, डॉक्टर काही का म्हणेनात.

तर दोन हजार अकरा साल. आमची स्पृहा बाळंतपणाला आली होती, ती बाळ पाच महिन्यांचं झालं तरी आमच्याकडेच होती, कारण जावई कामासाठी चेन्नईला. स्पृहा खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. तिची रजा संपली. नवी पेठेतून खराडी म्हणजे जाण्यायेण्यातच निम्मा दिवस, आणि बाळाला वरचं दूध पचेना. बाटली तोंडाला लावली की सगळं बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही महिने आईचंच दूध, दुसरं काही नाही. आता घरून काम म्हटलं की कोणाला काही वाटत नाही, तेव्हा लोक हसायचे. "घरून काम? म्हणजे धुणीभांडी का?" असं माझ्या भावजयीनेच विचारलं होतं. स्पृहाने ऑफिसात पुष्कळ विनवण्या करून तीन महिन्यांची परवानगी मिळवली. तिची मॅनेजर सुनीती म्हणून होती, तिने एकच अट घातली. कामाच्या वेळात लाइन तुटता कामा नये. तुटायला लागली तर ऑफिसात यायचं, जमत नसेल तर राजीनामा.

स्पृहा मला म्हणाली, "आई, ही नोकरी गेली ना, तर मला परत कोणी घेणार नाही. माझं सगळं संपेल." बाळ मांडीवर, डोळ्यांत पाणी. मी तिला जवळ घेतलं. स्पृहा लहान असताना तिला शाळेच्या शिपाईबाईंकडे ठेवून मी तास घेतले आहेत, मला काय ते वेगळं सांगायला हवं होतं?

मग तिने बापाला हाक मारली. "बाबा, नेटचं सगळं तुम्ही बघाल?"

ह्यांना तर कुणीतरी पद दिल्यासारखं झालं. टेलिफोनच्या तारेतूनच इंटरनेट येतं ते कनेक्शन घेतलं, राउटर आला. पांढरी डबी, तिला चार हिरवे दिवे. त्यातला एक दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, गेलं नेट. तो दिवा आमच्या घरात इतका लुकलुकला की बाळ त्याच्याकडे बघून खुदुखुदु हसायला लागलं. बाकी कोणाला हसू येत नव्हतं. स्पृहा हेडफोन लावून इंग्रजीत बोलतेय, बोलतेय, आणि मधेच "हॅलो? हॅलो? कॅन यू हिअर मी?" नाहीच तुटलं तरी इतकं संथ, की एक फाइल पाठवायला लावून ती बाळाला पाजून यायची आणि फाइल निम्म्यावरच.

ह्यांनी कंबर कसली. आधी राउटरवर मी घातलेलं क्रोशाचं कव्हर काढून फेकलं. "गुदमरतोय तो." मग राउटर टीव्हीजवळून उचलून फ्रिजवर. फ्रिजवरून पुस्तकांच्या कपाटावर. तिथून खिडकीत. मार्च महिना, मी स्वयंपाकघरात घामाने निथळतेय, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन राउटरकडे तोंड करून. मी म्हटलं, "अहो, मीही गरम होते, माझाही दिवा लुकलुकतोय." ऐकायला कोण होतं? हे तपकीर गल्लीत गेले होते नवी वायर आणायला. वायर बदलली, पिना बदलल्या, तक्रार नंबरावर तासन्‌तास गाणी ऐकली. तिकडची मुलगी सांगायची, "राउटर बंद करून चालू करा सर." हे बंद करून चालू करायचे. पाच मिनिटं बरं चालायचं, की परत आपलं हॅलो हॅलो.

एक दिवस स्पृहा कडाडली. "बाबा, प्लीज! त्याला हात लावू नका! तुम्ही हलवता म्हणून जातं!" यांनी राउटरवरचा हात काढला. गॅलरीत गेले आणि खाली डोकावून आले.

मग सुनीतीचा फोन आला. सोमवारी दुपारी चार वाजता परदेशातल्या गिऱ्हाइकासमोर स्पृहाने आपलं काम दाखवायचं. तिनेच केलेलं, दुसऱ्या कोणाला येण्यासारखं नव्हतं. त्यात लाइन तुटली तर मंगळवारपासून खराडी. खराडी म्हणजे राजीनामाच, हे तिलाही ठाऊक होतं, आम्हालाही. त्या दिवशी स्पृहा जेवली नाही. मीही जेवले नाही. हे उभ्या उभ्या दोन घास खाऊन परत राउटरपाशी.

बुधवारी टेलिफोनचा माणूस आला. सुदर्शन नाव, वाशीमकडचा, गळ्यात पट्टा आणि हातात त्यांचा तो तपासायचा फोन. बोलायला गोड पोरगा. "टेन्शन नका घेऊ न काकू, पाहतो मी." त्याने आमच्या भिंतीवरच्या डबीला दोन चिमटे लावले, फोन कानाला धरला, आणि एकदम थांबला.

"काका, लाइनवर कुकरची शिट्टी येऊन राहिली."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅसवर काही नव्हतं. आमचा कुकर घासून पालथा घातलेला. मी म्हटलं, "आमच्याकडे नाही बाई कुकर लागलेला."

सुदर्शन म्हणाला, "तेच म्हणतो मी. या लाइनवर दुसरा फोन असन कुठं तरी. नेट न फोन एकाच तारेतनं येते, ते वेगळं करायला एक डबी बसवा लागते. तुमच्या फोनाले आहे. पण दुसरा एखादा बिना-डबीचा असन, तर तो वाजला का उचलला, की नेट बसते."

"आमच्याकडे एकच फोन आहे," मी म्हटलं.

"एकच," हे म्हणाले. "क्रॉस कनेक्शन असेल. जुन्या लायनी."

इतकी वर्षं संसार केलाय मी. घरी आलेल्या कारागिराला हे कधी सोडत नाहीत. एकच काम त्याच्याकडून तीनदा करून घेतील, चार प्रश्न विचारतील, त्याच्या गावाचं पर्जन्यमान काढतील. त्या दिवशी सुदर्शनच्या हातात चहाचा कप दिला तो अर्धा व्हायच्या आत, "बरं तर, तुम्हाला पुढे जायचं असेल," म्हणून दारापर्यंत पोचवून आले. तो बिचारा म्हणतोय, "थांबा न काका, वायर कुठून गेली ते पाहू द्या." हे म्हणे, "नको नको, मी बघतो." चेहरा पांढराफटक. मला वाटलं, शुगर कमी झाली. मी गुळाचा खडा हातात दिला. तोही तसाच हातात धरून उभे.

त्यानंतर आणखी एक तऱ्हा सुरू झाली. स्पृहाची महत्त्वाची मीटिंग असली, की हे पायात चपला सरकवणार. "एक फेरी मारून येतो." आणि गायब. मला संताप आला. पोरीच्या पोटापाण्यावर बेतलंय आणि हा माणूस फेऱ्या मारतोय! मी शनिवारी चांगली सुनावली. "जबाबदारी घेतलीत ना? मग पळता कुठे?" म्हणाले, "पळत नाही." बस, इतकंच. मूग गिळून बसायची कला यांच्याकडून शिकावी. बसायची नाही म्हणा, उभं राहायची.

सोमवार उजाडला. होळी तोंडावर आलेली. स्पृहाने दुपारी बाळाला पाजून माझ्याकडे दिलं, खोलीचं दार लावून घेतलं. साडेतीनला हे परत चपला घालून बाहेर. आणि हे गेल्यावर दहा मिनिटांत आमचा फोन दोनदा वाजून थांबला आणि तो मेला दिवा लुकलुकला. आतून स्पृहा ओरडली, "आई! गेलं! बाबा कुठायत?"

माझं डोकं फिरलं. बाळाला कडेवर घेतलं आणि गॅलरीत गेले, यांना खाली रस्त्यात हाका मारायला. हे रस्त्यात नव्हते. पण गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे टेलिफोनची तार बाहेरून आत येते, तिथे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एक तार आत येत होती. आणि तिथूनच दुसरी बाहेर जात होती. इमारतीच्या पिवळ्या रंगात रंगवलेली, पावसाच्या पाण्याच्या पाइपामागून सरळ खाली. मुद्दाम सांगितल्याशिवाय दिसू नये अशी. मला कुकरची शिट्टी आठवली. बाळाला घेऊन तशीच जिना उतरले.

तार मागच्या बाजूने तळमजल्यावरच्या दुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरात गेली होती.

दुर्गाबाई म्हणजे आमच्या इमारतीतल्या जुन्या. तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. पुरणपोळ्या, भाजणी, मेतकूट करून विकायच्या, त्यावरच आयुष्य काढलं. सत्तरी ओलांडली तरी हात चालूच. माझं त्यांचं येताजाता हसण्यापुरतं. बाई मानी, कोणाच्या घरी बसायला जायच्या नाहीत, कोणाला फारसं बोलवायच्या नाहीत.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं आणि दारातच उभी राहिले.

दुर्गाबाई ओट्याशी पोळी लाटत होत्या. कुकरमध्ये डाळ. आणि कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर आमचे हे. पुढ्यात तिपाईवर काळा, जुन्या पद्धतीचा फोन, आणि त्या फोनच्या रिसीव्हरवर यांचा हात, घट्ट दाबून धरलेला. हलत नव्हते. पाय हलत नव्हता, मान हलत नव्हती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी या माणसाला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

खरं सांगते, माझ्या काळजात आधी जे आलं ते वाईटच आलं. म्हटलं, वर आपल्या घरात या माणसाला बूड टेकवता येत नाही, आणि इथे येऊन बसतो? माझ्या तोंडून निघालं, "वा! इथे मारताय होय फेऱ्या!"

हे दचकून उठले. "अगं, हळू..."

"हळू? तिकडे पोरीचं नेट गेलंय! चार वाजत आलेत! आणि तुम्ही इथे फोन कसला धरून बसलात?"

दुर्गाबाईंचं लाटणं थांबलं. "नेट गेलंय म्हणजे? कोणाचं?"

हे मधे पडायला लागले, "काही नाही दुर्गाबाई, ही उगीच..." पण माझ्या पोटात कधी काही राहिलेलं नाही. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्पृहाची नोकरी, बाळाचं दूध, चार वाजताची मीटिंग, सुदर्शनने सांगितलेली बिन-डबीच्या फोनची गोष्ट. हा फोन वाजला की नेट जातं, उचलला की नेट जातं. "आणि तुम्ही दिवसातून किती वेळा उचलता?"

"आत्ता होळीचे दिवस, ऑर्डरींचा काळ," त्या म्हणाल्या. "टोन येतोय का ते बघायला उचलते मधून मधून. आत्ताच एक वाजला. हे आले की म्हणतात, राहू द्या, मी बघतो. मला वाटलं, वर करमत नसेल म्हणून येऊन बसतात. मी यांना काही विचारलं नाही." त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "दिगंबरराव, पोरीच्या नोकरीचा प्रश्न, आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

हे फोनची वायर सरळ करायला लागले.

"एवढंच होतं ना? मग सांगायचं होतं," दुर्गाबाई म्हणाल्या. हात पदराला पुसले, ओट्यावरची सुरी घेतली आणि मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत खिडकीशी आलेली तार कापली. एका फटक्यात नाही कापली गेली, जुनी जाड तार ती. दात ओठ खाऊन घासून घासून कापली. मग म्हणाल्या, "जा. वर जाऊन बघा चालतंय का."

मी बाळासकट वर पळाले. वय काय, पळणं काय. राउटरचे चारही दिवे स्थिर. दाराआडून स्पृहाचा आवाज येत होता, इंग्रजी, न अडखळता, मधे हसलीसुद्धा. मी तिथेच जमिनीवर बसले. मीटिंग तासाहून जास्त चालली आणि दिवा एकदाही लुकलुकला नाही. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा रडत होती, पण हे रडणं निराळं. "आई, झालं गं. सुनीती म्हणाली, ठरलेले तीन महिने घरूनच कर." बाळाला घेतलं आणि त्याचे पापे घेत सुटली. "बाबा कुठायत? बाबांनी काय केलं?"

बाबा जिन्यात उभे होते. वर यायचा धीर होत नव्हता.

मी पाणी दिलं, समोर बसवलं आणि म्हटलं, आता बोला. तेव्हा कुठे तोंड उघडलं. आमच्याकडे फोन आला तो सत्याऐंशी साली. त्या काळी फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, हे आताच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. सगळ्या इमारतीत आमचा एकच. लग्नपत्रिकांवर लोक आमचा नंबर छापायचे, खाली बारीक अक्षरात 'पी. पी.' म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, बोलावून देतील. दुर्गाबाईंचे भाऊ गेले ती बातमीही आमच्याच फोनवर आली. आमच्याकडे तेव्हा हळदीकुंकू होतं. मला आठवतंय ते, चाळीस बायकांसमोर त्यांनी फोन ऐकला, "बरं" म्हणाल्या, ठेवला आणि खाली निघून गेल्या. मला वाटलं, काय ही बाई, डोळ्यांत टिपूस नाही.

"जिन्यात बसल्या होत्या," हे म्हणाले. "तोंडात पदर कोंबून. मी बाहेरून येत होतो. माणसाला आपली बातमी आपल्या घरात ऐकता येऊ नये?"

मग यांनी कोणाला न सांगता तार ओढून दिली. मी शाळेत असताना. दुर्गाबाईंची अट, आपण फोन करणार नाही, फक्त आलेला घेणार. खूणही ठरलेली. त्यांच्या गिऱ्हाइकाने दोन रिंगा देऊन ठेवायचा आणि पुन्हा करायचा. आमचा फोन वर्षानुवर्षं दोन रिंगा वाजून बंद पडायचा, मग परत वाजायचा आणि मी जाईपर्यंत थांबायचा. "राँग नंबर असेल," हे म्हणायचे. मी त्या टेलिफोनला कितीतरी वेळा शिव्या घातल्या आहेत!

"पण मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलली असतीस कुठेतरी."

खोटं नव्हतं.

"आणि सुदर्शनला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? दुसऱ्याच्या घरात पॅरलल फोन देणं गुन्हा होता. टेलिफोन खात्याला कळलं असतं तर लाइन कापली असती. स्पृहाचं नेटही गेलं असतं आणि दुर्गाबाईंचा फोनही. न सांगावं तर नोकरी जातेय. काय करायचं ते मला सुचेना. म्हणून म्हटलं, मीटिंग असली की तिथे जाऊन बसायचं, निदान उचलू तरी द्यायचा नाही." बोलता बोलता हे उठले, गॅलरीत गेले, खाली डोकावले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे काय बघत असतात ते. खाकी कपड्यातला, खांबावर चढणारा टेलिफोनचा माणूस. इतकी वर्षं.

दुसऱ्या दिवशी मीच सुदर्शनला बोलावलं. यांना सांगितलं नाही. आला, तार पाहिली, पाइपामागचा पिवळा रंग पाहिला आणि हसत सुटला. "काका, भारी काम केलं जी! असा रंग तर आमच्या डिपार्टमेंटनं पण नसता मारला." दुर्गाबाई खालून वर आल्या होत्या, पुरणाचा डबा घेऊन. सुदर्शनने खिशातून छोटी डबी काढली. "ही दुसऱ्या फोनाले लावली, तार जोडली, की झालं. फोन बी चालन, नेट बी चालन. काही कापायची गरज नव्हती काकू."

"म्हणजे कापायची गरज नव्हती?" दुर्गाबाई म्हणाल्या. "बघा. पुरणाचा हात मी उगीच तिखट केला."

हे मात्र हसले नाहीत. पुढे येऊन त्याच्यासमोर उभे राहिले. "दंड किती होईल?"

"कशाचा?"

"ही तार. दुसऱ्याच्या घरात."

"दंड? काका, आता आमच्या ऑफिसात लोक फोन परत करायले लाइनी लावून राहिले. ठेवा म्हणून आम्ही त्यांच्या मागं लागतो. कोण घेते दंड!"

"आता नाही हो. तेव्हा."

सुदर्शनने पाइपामागच्या तारेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "आमचे जुने लाइनमन सांगतात न. तेव्हा घरोघरी हेच चाले. त्यायलाच ठाऊक राहे कोणाची तार कोणाकडं गेली ते. दिवाळीत मिठाई घेऊन गप बसत. तुमच्या इकडचा लाइनमन तर पाहूनच गेला असन. रंग मारला तरी तार ते तारच न."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"असनच."

हे खुर्चीत बसले. सुदर्शनने तार जोडली, डबी लावली, दोन्हीकडे फोन वाजवून दाखवला, दुर्गाबाईंच्या हातची गरम पोळी खाऊन गेला. दुर्गाबाई खाली गेल्या. स्पृहा आत काम करत होती. हे तसेच बसलेले. मी चहा आणून समोर ठेवला. उठले नाहीत.

चहावर साय धरली तेव्हा म्हणाले, "सोलापूरला जायला हवं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चौऱ्याण्णव साली यांना ऑफिसरची बढती आली होती, सोलापूर शाखेत. मी खूप मागे लागले होते. पगार, मोठं घर, स्पृहाचं पुढचं शिक्षण. यांनी नकार दिला. पाठ दुखते, तिकडचं ऊन सोसणार नाही, असं काहीबाही सांगितलं. मी चार लोकांत यांना घाबरट म्हणाले होते, नंतरही कैक वेळा म्हणाले. यांच्याबरोबरचे सगळे मॅनेजर होऊन निवृत्त झाले. घर सोडलं असतं तर फोन दुसऱ्याच्या नावावर करावा लागला असता, खात्याची माणसं घरात आली असती, तार सापडली असती, आणि खाली दुर्गाबाईंचा फोन बंद पडला असता.

"म्हणून नाही गेलात?"

यांनी होकारार्थी मान हलवली.

मला राग आला. इतका आला की कप भिंतीवर फेकावा. आणि रडूही आलं. एका मिठाईच्या पुड्यात सुटणारी गोष्ट, आणि या माणसाने अख्खी नोकरी तिच्या भीतीत काढली. आणि मी घाबरट म्हणाले होते ते तर बरोबरच होतं, पण कोणासाठी घाबरत होते, ते मला माहीत नव्हतं.

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. मी खुर्ची ओढली आणि यांच्या शेजारी बसले. एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखी बाई बोलली नाही, यावरून काय ते समजा.